आधी विचारून घ्या

शोशाना पेणकर सकाळपासून पनवेलच्या एका खासगी हॉस्पिटलच्या दारातल्या बाकावर ठाण मांडून बसल्या होत्या. पेशंटला घेऊन कोणी आलं की उठून खणखणीत आवाजात सांगायच्या, "खोलीचं भाडं आधी विचारून घ्या. औषधं इथूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरूनही आणता येतात."

सुनेला बाळंतपणासाठी घेऊन आलेल्या सुकापूरच्या बाई ते ऐकून थेट काउंटरवर गेल्या आणि एकेक दर विचारू लागल्या. त्यांचं पाहून मागचेही विचारू लागले. दुपारी मॅनेजर घाईघाईने खाली आला.

"मॅडम, हा तमाशा आता पुरे. तुमच्या मिस्टरांच्या बिलात किती कमी करायचं ते बोला आणि त्यांना घरी घेऊन जा."

"एक रुपयाही कमी करू नका. ते गेल्या आठवड्यातच घरी आले. तुमचं सगळं बिल चुकतं करूनच नेलं त्यांना."

मॅनेजर गोंधळला. "मग आता इथे कशाला बसलाय?"

दारात एक रिक्षा थांबली, तशा शोशानाबाई पदर सावरत उठल्या.

"आम्ही आलो, त्या दिवशी या बाकावर कोणी नव्हतं."