बिनमिठाचा सॉस

"आज सॉस नाही." बापाने पातेल्यावर झाकण आदळलं. "शिंपी आलाय. त्याच्या ताटात माझं मांस उघडंच जाईल. आगीतून निघेल तसं."

मुलीचा डाव हातातच राहिला. झाकणाखाली साय, कांदा आणि मिरीचा सॉस मंद रटरटत होता.

"वाटीत देते थोडा. नुसता बाजूला ठेवते, बाबा."

"खबरदार! नटूनथटून उभ्या राहिलेल्या नवरीवर कुणी गोधडी टाकतं का?"

दारातला वाढपी खुसकन हसला. मुलगी हसली नाही.

बापलेकीचं हे छोटंसं हॉटेल. निखाऱ्यांवरच्या जाळीपाशी बाप, शेगडीपाशी लेक, आणि मधे त्यांचं भांडण. ते साऱ्या गल्लीला तोंडपाठ होतं. बापाचं म्हणणं, मांस चांगलं असेल तर स्टेकला दुसरं काही लागत नाही. मीठ चिमटीने, आग दिठीने. बास. लेक मात्र प्रत्येक ताटावर सॉस ओतायची आणि मगच ते बाहेर जाऊ द्यायची.

हे सुरू झालं बापाच्या मोठ्या दुखण्यानंतर. तापातून तो उठला तो कुरकुरतच. बाजारचा पाव पांचट, शेजारणीने पाठवलेलं सूप पांचट. "लोकांच्या हातची चवच गेली," तो म्हणे. त्यातच घरची लेक सॉस करू लागली. आणि सॉस तरी कसला! त्यात मीठ घालताना त्याने तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

"बिनमिठाचा सॉस करते आणि स्वतःला आचारीण म्हणवते," तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा. "खाल्ल्या मिठाला जागली नाही पोरगी." गिऱ्हाइकं हसायची. ती खाली मान घालून ताटाची कड फडक्याने पुसत राहायची.

शिंपी हा बापाचा जुना दोस्त आणि हॉटेलचं पहिलं गिऱ्हाईक. टेबलंसुद्धा आली नव्हती तेव्हा त्याने उभ्याउभ्या खाल्लं होतं आणि बोटं चाटत म्हणाला होता, "याला काही लावू नकोस, लेका. शिवण चांगली असली की झालर लागत नाही." पुढे तो परगावी मुलाकडे राहायला गेला. आज इतक्या वर्षांनी आला होता आणि आल्या आल्या आत ओरडला होता, "तोच दे, तो जुना, साधा!"

बापाने सगळ्यात चांगला तुकडा काढला. तळहाताने थोपटला, बाळाला निजवताना थोपटावं तसा. मिठाच्या बरणीत चिमटी गेली. पुन्हा गेली. एक कोपरा राहिला असं वाटलं म्हणून आणखी एकदा गेली.

"पुरे, बाबा."

"आता तू मला मीठ शिकव!"

मांस जाळीवर पडलं. चर्र झालं. बाप निखाऱ्यांवर डोळे लावून उभा राहिला. वर्षानुवर्षांचा आळस झटकून त्याची पाठ ताठ झाली होती. मुलीने ती ताठ पाठ पाहिली आणि झाकणावरचा हात मागे घेतला.

ताट त्याने स्वतः बाहेर नेलं. शिंप्याने पहिला घास घेतला, चावता चावता थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तोच हात, लेका," तो कसाबसा म्हणाला. "तोच हात."

बाप आत आला तो वीस वर्षांनी तरुण होऊन. "रडला! पहिल्या घासाला रडला! बघितलंस? तुझ्या सॉसने कधी कुणाच्या डोळ्यांत पाणी आणलंय?"

मुलगी कांदा चिरत होती, त्यामुळे तिच्या डोळ्यांचं कुणाला काही वाटलं नाही.

थोड्या वेळाने वाढपी ताट घेऊन परत आला. वर उकडलेल्या बटाट्याच्या फोडी नीट रचून ठेवल्या होत्या. त्याने ताट ओट्यावर ठेवून सुरीच्या टोकाने त्या सरकवल्या. खाली मांस होतं. एक कोपरा सोडला तर सगळंच्या सगळं.

"गेले ते," वाढपी म्हणाला. "बस चुकेल म्हणाले. तुम्हाला त्रास देऊ नको म्हणाले." त्याच्या दुसऱ्या हातात पाण्याचा जग होता. "भरलेला ठेवला होता. वर आणखी एक मागून घेतला."

बापाने गारढोण तुकडा कापून तोंडात टाकला. सावकाश चावला.

"मीठ कमीच पडलंय की," तो पुटपुटला. "म्हणून नाही खाल्लं त्याने." त्याची चिमटी बरणीकडे गेली.

तिथेच थांबली.

नजर जगावर गेली होती. जग कोरडा ठणठणीत होता. गिऱ्हाईक जगच्या जग पाणी कशापायी पितं, हे कुठल्याही आचाऱ्याला कळतं.

त्याने मिठाची चिमटी उचलली आणि नुसतीच जिभेवर ठेवली. वाट पाहिली. आणखी एक ठेवली. नदीकाठची वाळू ठेवावी तशी ती राहिली, विरघळली, काही न सांगता गळ्याखाली गेली.

वाढपी जग घेऊन गुपचूप बाहेर सटकला. जाळीखालचे निखारे राखेने झाकत चालले होते.

"तुझ्या सॉसमध्ये," बापाने तिच्याकडे न बघता विचारलं, "मीठ का नसतं गं?"

मुलीने पातेल्यावरचं झाकण उचललं. वाफ दोघांच्या मधे आली.

"मीठ तुमचं असतं ना, बाबा."