गाण्यातली टकटक

“संध्या, तो कूलर बंद कर आधी!” श्याम ओरडला.

अकोल्याचा मे महिना. जठारपेठेत माणूस एक वेळ जेवण सोडेल, पण कूलर सोडणार नाही. तरी संध्यानं नवऱ्याखातर बटण दाबलं. घराची भट्टी झाली. पण साहेबांना त्याचं काय! नव्या वायरलेस स्पीकरवर गाणं लावलं, की मध्येच टकटक येत होती. आजही आली.

रविवारी अमरावतीहून साडू येणार होता, खास हा स्पीकर ऐकायला. गेल्या दिवाळीत ह्याच सागरनं श्यामच्या जुन्या स्पीकरला चारचौघांत ‘डबडं’ म्हटलं होतं. ते श्यामला इतकं झोंबलं, की त्यानं घरातली एक अख्खी खोली गाण्याला दिली. खोली वडिलांची होती. वामनरावांची खाट बाहेर पॅसेजमध्ये आली. म्हाताऱ्याला आवाजातलं काय कळतं? पातूरच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं ढोलकी वाजवली, एवढंच. खोलीत खुर्ची एकच, बरोबर मध्यभागी. खरा आवाज म्हणे तिथंच पोचतो. दार कायम बंद.

आणि एवढं करून टकटक!

श्यामनं जिवाचं रान केलं. ॲपमधली क्वालिटी ‘ऑटो’वरून सगळ्यात वर नेली. ब्लूटूथ सोडून वायफायवर आला. राउटर फ्रिजवरून उचलून देवघरात गणपतीशेजारी ठेवला. बाप्पा पावला. गाण्यात गायकाचा श्वाससुद्धा ऐकू यायला लागला. टकटक मात्र होती तिथंच.

शनिवारी मेकॅनिक आला. डोळे मिटून त्यानं दोन गाणी ऐकली.

“साहेब, स्पीकरमंधी काही खराबी नाही. आन टकटक म्हनाल, तं ते एकदम तालात येऊन राहिली.”

“तालात गेली उडत!” श्याम भडकला. “हे टकटक करनारं जे काही आहे ना, ते मले सापडू द्या फक्त. उचलून घराबाहेर फेकतो!”

हा आवाज बंद दारातूनही अगदी स्वच्छ बाहेर गेला. त्याला वायफाय लागलं नाही.

रविवारी सागर आला आणि त्या एकुलत्या खुर्चीत ऐसपैस बसला. कूलर अर्थातच बंद. श्याम देव पाण्यात घालून भिंतीशी उभा. गाणं सुरू झालं. एक कडवं गेलं, दुसरं गेलं. टकटक नाही! श्यामच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“मानलं बॉ श्यामभाऊ!” सागर उठला. “काय आवाज आहे!” पाणी प्यायला म्हणून त्यानं दार उघडलं आणि थबकला. “अरे, बाबा असे काहून बसले इथं?”

दाराबाहेर फरशीवर, चौकटीला टेकून वामनराव बसले होते. बनियन घामानं चिंब. आतलं गाणं चालूच होतं आणि त्यावर त्यांची मान डोलत होती. दोन्ही हात मात्र मांडीखाली घट्ट दाबलेले.

श्यामचा चेहरा खर्रकन उतरला.

“आज दारावर एकबी ठोका नाही देल्ला रे,” वामनराव हळूच त्याला म्हणाले. “पाहुने गेले का सांगजो बाप्पा, मंग हात काढतो.”