वीस बर्फ

एप्रिल संपत आला होता, गाई नुकत्याच व्यायल्या होत्या, आणि नॉर्थ डकोटात पुन्हा बर्फ कोसळला. रस्ता मोकळा झाल्यावर अर्लिंग फार्गो शहरातून परतला, तेव्हा त्याचा जावई मार्सेल गुडघाभर बर्फातून मेलेली वासरं ओढून काढत होता. अर्लिंगने त्याच्या हातातलं फावडं हिसकावलं आणि दांडा त्याच्या तोंडावर हाणला. मार्सेल वासरांच्या ढिगावरच पडला.

"वीस येतोय म्हणून मी फोन केला होता ना, गाढवा? गुरं गोठ्यात का नाही घातलीस?"

"मला वाटलं, सेंटीमीटर." मार्सेलच्या ओठांतून रक्त गळत होतं. "आमच्या कॅनडात तसंच मोजतात. तेवढा बर्फ गुरं सोसतात."

"हा डकोटा आहे! इथे इंच चालतात!"

अर्लिंगची मुलगी क्रिस्टा धावत मध्ये आली. "बाबा, त्याने विचारलं होतं तुम्हाला, वीस म्हणजे वीस काय? मी शेजारीच उभी होते. 'घाबरलास का रे, कॅनडावाल्या?' म्हणून तुम्ही हसलात आणि फोन ठेवून दिलात."

अर्लिंगने मुलीला बाजूला ढकललं आणि दुसरा फटका पहिल्याहून जोरात मारला.