उजवी पाकळी

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. डिचोलीत संतोषच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जयराम चेलो घेऊन सकाळपासून बसला होता. आवाज मोठा करायला दोन पिकअप लावून झाले. एक पत्र्यासारखा वाजला, दुसरा नुसत्या शिट्ट्या मारत राहिला. उद्या मयेच्या जत्रेत संगीत नाटक. यंदाही चेलो ऑर्गनखाली बुडाला, तर मंडळी त्याला परत बोलावणार नव्हती.

त्याची बायको देवकी देवीला कौल लावून थेट दुकानात आली होती. "खंयचो खरो वाजतलो?" कोणता खरा वाजेल, एवढंच तिने विचारलं होतं. तिसऱ्या पिकअपला मूर्तीवरची उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार.

संतोषने तो पिकअप चेलोच्या तारांच्या घोडीखाली बसवला. जयरामने गज उचलला आणि कर्ण्यातून भरदार सूर आला. गज अजून तारेला टेकला नव्हता.

"जयरामबाब, हा नको," संतोष म्हणाला.

"आता होच उरलो," जयराम म्हणाला आणि त्याने गज मांडीवर ठेवला.

कर्ण्यात नांदी चालूच राहिली, त्याच्याच हातची. मग सूर मधेच तुटला. रंगमंचाच्या फळ्यांवर काहीतरी जड आदळलं. "अवो, डोळे उघडा," देवकी कर्ण्यातून आक्रोश करत होती.

जयरामने वळून पाहिलं. देवकी बाकावर बसली होती, मुठीत ती पाकळी धरून. तिचे ओठ मिटलेले होते.