ओला दगड

भूगर्भशास्त्रज्ञ हॉरेस दगड चाटून पारखायचा, आणि अ‍ॅग्नेसला नवऱ्याच्या या सवयीची शिसारी येई. जबलपूरच्या बंगल्यात, जेवणाच्या टेबलावर ठेवलेला करडा दगड आज तिसऱ्यांदा ओला दिसला, तशी ती भडकली.

"रानात काय चाटायचं ते चाट. माझ्या टेबलावर हे थेर नकोत!"

"मी तो एकदाच चाटला, नदीत सापडला तेव्हा. पुन्हा धीर झाला नाही."

"का? कडू लागला वाटतं?"

"माणसाच्या कातडीसारखा लागला."

"पुरे!" तिने दगड उचलून खिडकीबाहेर भिरकावला आणि तणतणत मेबलच्या पाळण्याकडे गेली.

पोर गाढ झोपली होती. हनुवटीपासून कानापर्यंत तिचा गाल ओला होता. अ‍ॅग्नेसने तो पुसला, तर बोटांना बारीक करडी वाळू लागली.