वळणावरची रांगोळी

पट्टा खांद्यात रुतला आणि सिद्धार्थचं कपाळ समोरच्या काचेपासून चार बोटांवर येऊन थांबलं. गाडी जागच्या जागी उभी. पहाटेचे पावणेसहा, अड्यारमधली अरुंद गल्ली. समोर माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही.

"बघितलंत?" पुरुषोत्तम म्हणाला. "रोज इथंच. भित्री गाडी गळ्यात मारलीत हो माझ्या. पांढरं काही दिसलं की हातपाय गाळते."

पुरुषोत्तम मूळचा सोलापूरचा, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात सुपरवायझर. चेन्नईत पंधरा वर्षं झाली, पण भांडण त्याला मराठीतच रंगायचं. तक्रार ऐकायला आलेला गाडीच्या कंपनीचा माणूस मराठी निघाला, म्हणून आज त्याला चांगलाच सूर लागला होता. सहा तक्रारी लिहून झाल्या. परवा गाडी अशीच अचानक थांबली तेव्हा मागून दूधवाल्याची स्कूटर आदळली, बिचाऱ्याचं मनगट मोडलं. तरी कंपनीचं उत्तर तेच. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा ठरल्याप्रमाणे काम करत आहे.

ते उत्तर सिद्धार्थनेच लिहिलेलं. गेल्या दोन महिन्यांत किती जणांना लिहिलं, ते मोजणं त्याने सोडून दिलं होतं. कुणाची गाडी पुलाच्या सावलीला बिचकायची, कुणाची आपण होऊन दुभाजकाकडे वळायची. माणसं फोनवर आधी ओरडत, मग विनवत, मग नुसती गप्प होत. त्या गप्प होण्यानेच तो जास्त थकला होता.

तो खाली उतरला. धनुर्मास लागलेला, दारोदार तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या पडलेल्या. पण ही दारात मावली नव्हती. गल्लीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, भर रस्त्यात, वळणावर. गाडीच्या कॅमेऱ्याला वाटत होतं की पुढे काहीतरी आडवं आलं आहे.

त्याने साहेबीण श्रीदेवी यांना फोन लावला. त्याही थकलेल्याच होत्या. रांगोळी ज्या घरची आहे त्यांच्याकडून लिहून घे म्हणाल्या, की यापुढे रस्त्यावर रांगोळी काढणार नाही. म्हणजे कारण बाहेरचं ठरेल, तक्रार मिटेल. नाहीतर दोष गाडीतच आहे असं लिहावं लागेल, आणि मग विकलेल्या हजारो गाड्या परत बोलवाव्या लागतील. कागद घेतल्याशिवाय येऊ नकोस, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

वळणावरच्या घराच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती, कोपरापर्यंत पिठाने माखलेली. कनका तिचं नाव. तंजावरकडची मराठी बोलायची, जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी, मध्येच तमिळ वळणाने लांबणारी. सिद्धार्थने गाडीवर कागद टेकवून दोन ओळी लिहिल्या आणि तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला. रांगोळी फाटकाच्या आत काढाल का, एवढंच त्याने विचारलं.

तिने कागदाकडे पाहिलंही नाही. आधी कॉफी घे म्हणाली. मग सांगत गेली, रडगाणं न गाता, कुणा दुसऱ्याची हकिगत सांगावी तशी. चार वर्षांमागे याच महिन्यात तिचे यजमान राघोत्तम पहाटेच्या भजनात सगळ्यांच्या पुढे चिपळ्या वाजवत चालले होते. अभंग ऐन रंगात आलेला. वळणावरून गाडी आली ती थांबलीच नाही. तेव्हापासून ते आतल्या खोलीत पडून आहेत. भजन अजून याच गल्लीतून येतं. सात-आठ म्हातारी माणसं, डोळे मिटून गाणारी. म्हणून तिने दारातली रांगोळी रस्त्यात ओढत नेली. गाडीवाल्याला माणूस दिसत नसेल तर निदान पीठ दिसावं.

"पण कोण बघतो रे बाळा? रोज काढून आत यांच्याकडे जाते, येऊन बघते तो चाकाला चिकटून गेलेली."

सिद्धार्थला त्या क्षणी खोटं बोलायचाही कंटाळा आला.

"आजी, त्याचीच तर तक्रार आहे," तो म्हणाला. "एक गाडी इथे रोज थांबते."

कनकाचा हात पिठाच्या वाटीतच राहिला. मग ती गुडघ्यावर हात रेटून उठली आणि त्याला ओलांडून रस्त्यावर गेली. गाडीच्या पुढे वाकली. चाकं पहिल्या रेघेपासून वीतभर अलीकडे होती. एकही ठिपका मोडला नव्हता. तिने घराकडे मान वळवली.

"अहो, ऐकलं का? एक जण थांबतो."

आतून खोकल्यासारखा, गाण्यासारखा एक आवाज आला.

सिद्धार्थने कागदाची चौघडी करून खिशात घातली. दोष गाडीतच आहे हे आता लिहावंच लागणार होतं. दूधवाल्याचं मनगट खरं होतं. गाड्या परत येतील, दुरुस्त होतील. आणि दुरुस्त झालेली गाडी या पिठावरून सरळ निघून जाईल.

गाडीच्या दाराशी पुरुषोत्तम हात बांधून उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तोंडावर सहा तक्रारींचा राग अजून तसाच होता. कनकाने त्याच्यापुढे पिठाचे हात जोडले.

"तूच का रे तो, थांबणारा?"

पुरुषोत्तमने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा सिद्धार्थकडे. सिद्धार्थने मान खाली घातली.

"हो मामी, मीच," पुरुषोत्तम म्हणाला. "उद्याही थांबेन."