पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं

“मागच्या वर्षी झालंय म्हणजे? कुणाचं झालंय, तुमचं की हिचं?”

शिक्षकांच्या खोलीत त्याचा आवाज जरा जास्तच चढला. दहावीच्या गणिताच्या मॅडमनी कप खाली ठेवला. त्याच्या मागं त्याची धाकटी बहीण, बारकी, दप्तर पोटाशी धरून उभी होती. आईला सुट्टी मिळेना, म्हणून गॅरेजमधून तासभर सुटून तोच आला होता. नखांतलं काळं तसंच.

“ओरडू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “सराव परीक्षेत जे आपटले, त्यांना यंदा बोर्डाला बसवायचं नाही असं वरून ठरलंय. आणि साधी समीकरणं मी दहावीत शिकवत बसू? ती मागच्या वर्षी झालेली असतात.”

नववीचे सर शेजारीच पेपर तपासत होते. मान वर न करता बोलले, “नववीत आम्ही ती येतात असं धरून चालतो. आठवीतून पक्की करून यायची असतात.”

“आठवीत नुसती ओळख असते हो,” खिडकीपाशी बसलेल्या आठवीच्या बाई म्हणाल्या. “सविस्तर पुढच्या वर्षी.”

“वा! आठवीत पुढच्या वर्षी, दहावीत मागच्या वर्षी, आणि मधे धरून चाला. पोरीनं शिकायचं कधी, सुट्टीत?”

आता सरांनी मान वर केली. “ओळखलं तुला. नववीतूनच पळालास ना रे? आणि आम्हाला अक्कल शिकवतोस?”

त्याचे कान तापले, हात शिवशिवले. पण मागून कुणीतरी शर्ट ओढला.

“दादा, नको ना. ह्यांनी बसवलं नाही तर घरीच बसावं लागेल मला. मग मी पण...” पुढचं तिनं गिळलं. त्याला ते ऐकू आलंच. तुझ्यासारखी.

तो मॅडमकडे वळला. “मॅडम, चुकलं माझं. हात जोडतो. तिला एक गणित घाला, इथंच, सगळ्यांसमोर. आलं तर बसवा.”

मॅडमनी घड्याळ बघितलं, सुस्कारा टाकला, आणि भिंतीवरच्या छोट्या फळ्यावर खडूनं लिहिलं. तीन एक्स बरोबर बारा. “एक्स काढ.”

बारकी पुढं झाली. अक्षर कसलं सुरेख होतं तिचं. लिहिता लिहिता तोंड चालूच. “तीन पलीकडे नेला. पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं. वजा तीन झाला. बारा वजा तीन, नऊ.” नऊच्या खाली तिनं दोन रेघा ओढल्या.

बरोबरच होतं की. त्यानं ऐटीत सरांकडे बघितलं.

मॅडम हसल्या नाहीत. “तीन गुणिले नऊ किती?”

“सत्तावीस.”

“मग इथं बारा कसे?”

बारकी फळ्याकडे बघत राहिली. मग मॅडमकडे. परत फळ्याकडे. “पण मॅडम, नऊनं कशाला गुणायचं?”

“अगं, एक्सच्या जागी नऊ ठेवून बघ ना. नऊ आलेत ना तुझे?”

“एक्सच्या जागी?” बारकीनं खडू खाली केला. अगदी हळू विचारलं, “म्हणजे मॅडम, एक्स हा आकडा असतो?”

सरांचं लाल पेन जागीच थांबलं. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. दहावीच्या मॅडमनी डस्टर उचललं आणि नुसतंच हातात धरलं.

बारकी वळली. लहानपणापासून वळायची तशीच, त्याला सगळं माहीत असणार म्हणून.

“दादा, असतो का रे?”

त्यानं फळ्यावरच्या त्या एक्सकडे बघितलं. मग काळी नखं खिशात घातली.

“मला निघायला पाहिजे आता,” तो म्हणाला.